दारातला यक्ष, भिंतीवरची जरा

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, एका आईने आपल्या गेलेल्या मुलाचं कौतुक दगडात कोरून घेतलंय. आई गौतमी बलश्री, मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी. लेख नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या १९व्या वर्षातला. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यातल्या दोन गोष्टी शाळेत सगळ्यांच्याच कानावर पडतात: गौतमीपुत्राच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं आणि त्याने क्षहरात घराण्याचा निर्वंश केला. तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकापर्यंत पोचत नाही. राजमाता सांगते, माझ्या लेकाने शत्रू जिंकले ते अशा लढाईत, जिच्यात वारा, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, भूत, गंधर्व, चारण, चंद्र, सूर्य, नक्षत्रं आणि ग्रह सगळे उतरले होते. आणि मग तो हत्तीच्या खांद्यावरून थेट आभाळात शिरला.

आईच ती. हातचं राखून कशाला सांगेल?

मला या यादीचा मोह पडला तो तिच्यात वरचा-खालचा असा भेद नाही म्हणून. यक्षानंतर राक्षस, राक्षसानंतर विद्याधर, मग भूत, मग गंधर्व. चांगले एका बाजूला आणि वाईट दुसऱ्या बाजूला अशी वाटणी कुठेच नाही; सूर्य-चंद्रसुद्धा त्याच रांगेत उभे. शिवाय हा लेख बौद्ध भिक्खूंना दिलेल्या दानाचा आहे. भद्रयानीय पंथाच्या भिक्खूंना लेणं देताना ही बाई मुलाची तुलना राम, केशव, अर्जुन आणि भीमसेनाशी करते, त्याला अद्वितीय ब्राह्मण म्हणते, वर यक्ष-राक्षसांची फौज उभी करते. भिक्खूंनी लेणं घेतलं, लेखासकट. पुढे पिढ्यान् पिढ्या ते त्याच भिंतीखालून आत-बाहेर करत राहिले आणि त्या ओळी कुणी खरवडून काढलेल्या दिसत नाहीत.

यादीतले काही जण मला डोळ्यांपुढे आणता येत नाहीत. सिद्ध आणि चारण म्हणजे आकाशातून फुलं टाकायला लागणारी मंडळी, एवढंच पुराणं वाचून समजतं. विद्याधर मंत्राच्या जोरावर उडतात. गंधर्व आपण मराठी माणसांनी गवयांना वाटून टाकले, त्यामुळे त्यांचं बरं चाललंय. राक्षसांचं नाशिकशी जुनं नातं, त्याकडे येतेच. पण डोंगरावर गेलं की खरा भेटतो तो यक्ष.

सकाळी पांडवलेणी चढणाऱ्यांत ट्रॅकसूटवाले जास्त. दोनशेच्या आसपास पायऱ्या, वर पोचून घड्याळात बघायचं, पाणी प्यायचं आणि उतरायचं. तिसऱ्या लेण्यापुढे थांबलात तर वर खांबांच्या शिरावरचे प्राणी बघायच्या आधी खाली बघा. ओसरीच्या पायाशी सहा धिप्पाड पुरुष आहेत, छातीपासून वरचे. बाकीचं शरीर जमिनीत गेल्यासारखं. ओसरीच्या तुळयांची टोकं त्यांच्या खांद्यांवर आहेत. अख्खं लेणं त्यांनी उचललेलं आहे, भोयांनी पालखी उचलावी तसं. काळाने चेहरे पुसट केलेत, ओझं मात्र अजून खांद्यावर आहे.

असे भारवाहक का कोरले असतील, याचं उत्तर मला त्याच लेखात सापडतं असं वाटतं. तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, पर्वताचं हे शिखर कैलासाच्या शिखरासारखं आहे आणि हे लेणं तिथल्या उत्तम विमानांच्या तोडीचं आहे, असं राजमाता म्हणते. कैलासाच्या परिसरात राहतो कुबेर, यक्षांचा राजा, पुष्पक विमानाचा मूळ मालक. मग त्याच्याच मुलखातलं विमान जमिनीपासून हातभर वर धरायला यक्षांशिवाय कोण येणार? हा माझा तर्क. पण मातीत रुतलेले ते सहा जण बघितले की लेणं खोदलेलं वाटत नाही, कुठून तरी आणून ठेवलेलं वाटतं.

दुसरा यक्ष थोडं पुढे, १८व्या लेण्यात. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. दाराच्या कमानीवर लिहिलंय की हे दान धंभिक गावचं. चैत्यगृह पुरं केलं ते भट्टपालिका नावाच्या बाईने, एका राजअमात्याच्या मुलीने. आणि दाराशेजारी उभ्या असलेल्या यक्षाचाही हिशेब आहे: वेदिका आणि यक्ष करवून घेतल्याचा एक त्रोटक लेख तिथे आहे, त्यात नाव येतं नदासिरिया. मला ही नोंद फार आवडते. कुणी अख्खं दालन दिलं, कुणी दर्शनी भाग दिला, आणि कुणी म्हणालं, माझ्या पैशातून कठडा करा आणि राखणदार करा. बुद्धाची मूर्ती घडवायची प्रथा इथे रुजायच्या आधी दारात यक्ष उभा राहिला होता.

आता हा राखणदार मुळात कोण? झाडात, डोहात, वेशीवर राहणारा. प्रसन्न झाला तर धन आणि पोरंबाळं देणारा, बिनसलं तर माणूस खाणारा. बुद्धाच्या आणि महाभारताच्या आधीपासून लोक त्याला जागा देत आले असावेत, कारण दोन्हीकडच्या कथांत तो आधीच तिथे बसलेला असतो. बुद्ध नाहीतर पांडव मागून येतात.

सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात आळवक यक्षाची गोष्ट आहे. बुद्ध त्याच्या निवासात जाऊन बसतात. यक्ष येतो आणि म्हणतो, श्रमणा, बाहेर हो. बुद्ध म्हणतात, बरं बाबा, आणि बाहेर जातात. आत ये. आत येतात. बाहेर हो. जातात. असं तीनदा. चौथ्यांदा बुद्ध म्हणतात, आता मी काही जात नाही, तुला काय करायचं ते कर. घरातल्या हट्टी पोराला कुठवर ऐकायचं आणि कुठे थांबवायचं हे ज्याला कळतं, त्यानेच हा प्रसंग रचला असणार. मग यक्ष प्रश्न विचारतो आणि धमकीही देतो: उत्तर आलं नाही तर तुझं डोकं फिरवीन, काळीज फाडीन, नाहीतर पाय धरून गंगेपार भिरकावीन. प्रश्नांतला एक असा की सगळ्यात गोड रस कोणता? विचारणारा नरभक्षक आहे, हे लक्षात ठेवून वाचा. बुद्ध सांगतात, सत्य हा सगळ्या रसांत गोड.

महाभारतातला यक्षही प्रश्नच विचारतो. चार भाऊ तळ्याकाठी मरून पडलेत, युधिष्ठिराला तहान लागलीय, आणि हा विचारतो पृथ्वीपेक्षा जड काय? आई. आकाशाहून उंच? बाप. वाऱ्याहून वेगवान? मन. गवताहूनही संख्येने जास्त? चिंता. उत्तरं आपल्याला तोंडपाठ असतात, पण मला पुढचा भाग मोठा वाटतो. एकच भाऊ उठवतो, बोल कोणता, असं यक्ष म्हणतो आणि युधिष्ठिर भीम-अर्जुनाला सोडून नकुल मागतो; कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा म्हणून. हा यक्ष शेवटी यमधर्म निघतो. आळवक यक्षच राहतो, फक्त आता गावोगाव बुद्धाला वंदन करत फिरेन म्हणतो. मला दुसरा शेवट जास्त पटतो. बिचाऱ्याला वेषांतर करायला लागलं नाही.

या डोंगराला पांडवलेणी का म्हणतात, तर लोकांना वाटलं पांडवांनी कोरली. नाही कोरली, हे लेख वाचल्यावर स्पष्टच आहे. पण यक्षाच्या दारात युधिष्ठिराचं नाव जोडणारे लोक अगदीच भरकटले नव्हते.

आळवकाची गोष्ट पुढे नेली की हारितीकडे पोचतो. ही राजगृहाची यक्षिणी. तिला ५०० मुलं, आणि ती गावातली पोरं पळवून खायची. लोक बुद्धाकडे गेले. बुद्धाने तिचं धाकटं, लाडकं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. वेड्यासारखी शोधत शेवटी ती त्यांच्यापुढे आली, तेव्हा ते म्हणाले, पाचशेतला एक गेला तर तुझी ही गत, ज्यांना एकच होतं त्यांचं काय? इथपर्यंत कुठल्याही नीतिकथेत असतं. हारिती यापुढे जो प्रश्न विचारते तो व्यवहारी आहे: मग मी आणि माझी मुलं खाणार काय? आणि तिला व्यवहारी उत्तर मिळतं. विहारांतून रोज तुझ्यासाठी अन्न बाजूला काढलं जाईल.

हे नुसतं कथेपुरतं राहिलं नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग लिहून ठेवतो की विहारांच्या ओसरीत नाहीतर भोजनगृहाच्या कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेली हारिती असते आणि तिच्यापुढे रोज ताट ठेवतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती नवरा पांचिकासह बसली आहे. त्यांच्या पायाशी पोरांची शाळा कोरलीय: एका टोकाला छडीवाले गुरुजी, पुढच्या पोरांचं लक्ष पाटीत आणि मागच्या बाकांवर मात्र दंगा. मूल खाणारीच्या पायाशी मुलांची शाळा काढणाऱ्या त्या कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता.

आता आमच्या घरी येऊ.

श्रावण लागला की आई रविवार कारंज्याकडच्या दुकानातून जिवतीचा कागद आणते. वीतभर रुंदीचा, चार खणांचा. वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. छपाई इतकी ढोबळ की कुणाचा डोळा गालावर आलेला असतो. पूर्वी खळीने चिकटवायची, आता चिकटपट्टी. शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, पुरणाचे दिवे, दूध-साखर आणि फुटाणे. ‘जरे जीवन्तिके देवि बालयुक्ते प्रमोदिनि’ म्हणायचं आणि मुलांना ओवाळायचं. जी मुलं परगावी आहेत त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या. माझा भाऊ कॅनडात गेल्यापासून आई खिडकीशी उभी राहून विचारते, अगं, कॅनडा नेमका कुठल्या बाजूला? पृथ्वी गोल असल्यामुळे कुठूनही पोचतं असं मी सांगितलं, तर म्हणाली, तसं असेल तर मग चारी दिशांना टाकते तेच बरोबर आहे की.

ही जरा कोण, हे जिवतीच्या कहाणीत येत नाही. ते महाभारताच्या सभापर्वात आहे. मगधाच्या बृहद्रथ राजाला मूल नव्हतं. चंडकौशिक ऋषींनी दिलेला आंबा त्याच्या दोन राण्यांनी अर्धा-अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं-अर्धं मूल झालं. घाबरून दायांनी ते तुकडे चौकात टाकले. तिथे मांस-रक्तावर जगणारी जरा नावाची राक्षसी आली. न्यायला सोपं पडावं म्हणून तिने दोन्ही तुकडे एकत्र धरले, ते जुळले आणि पोर रडायला लागलं. हा जरासंध. खायचं सोडून तिने ते राजाला नेऊन दिलं आणि आपली ओळख सांगितली, ती अशी: मी घरोघर राहणारी गृहदेवी आहे, जो मला पोराबाळांसह भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल.

भिंतीवर काढील! जिवतीचा कागद म्हणजे त्या अटीची अंमलबजावणी, आणि ती महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत अजून चालू आहे. त्यातही मगधाची राजधानी गिरिव्रज म्हणजेच जुनं राजगृह. मूल खाणाऱ्या दोन बाया, एक बौद्धांची, एक हिंदूंची, दोघींचं गाव एक. एकीला विहाराच्या भोजनगृहातला कोपरा मिळाला, दुसरीला आमच्या देवघराशेजारची भिंत. पांडवलेण्यातल्या ११व्या लेण्यात जैनांची अंबिका आहे. तीही यक्षी, तीही लेकुरवाळी. तिघींची ताटं वेगवेगळ्या पंगतीत मांडली, पण स्वयंपाक एकाच घरातला असावा असा माझा संशय आहे.

सगळ्यांचंच असं भलं झालं नाही. काही यक्षिणी खेड्यात राहिल्या त्या जखिणी झाल्या आणि लोक त्यांना भ्यायला लागले. अप्सरांच्या साती आसरा झाल्या आणि विहिरीच्या काठी, ओहोळात, शेंदूर लावलेल्या सात दगडांत बसल्या. स्वर्गातून थेट विहिरीवर, म्हणायला ही घसरणच. पण इंद्रसभेत त्यांना नाचावं लागायचं, आणि तेही कुणाचं तरी तप मोडायला. विहिरीवर कुणी त्यांना नाचायला सांगत नाही. उलट हिरव्या बांगड्या, खण आणि निवद येतो. मला तर ही बढती वाटते.

महिषासुराचं तर काय सांगावं. वणीच्या गडावर सप्तशृंगीने त्याला मारलं, हे सगळ्यांना माहीत. अठरा हातांची देवी, शेकडो पायऱ्या-गर्दी-रांगा तिच्यासाठी. पण गडाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे रेड्याच्या मस्तकाचं देऊळ आहे, महिषासुराचं. माणसं आधी त्याला हळदकुंकू वाहतात, मग देवीकडे चढतात. आणि खाली सपाटीला आलं की शेताच्या बांधावर म्हसोबा आहेच. ‘म्हसोबाला नाही बायको, सटवाईला नाही नवरा’ म्हणून आपण दोघांची थट्टा करतो, पण पीक उभं असताना म्हसोबाचा नारळ कुणी चुकवत नाही. बाळाच्या पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायलाही कुणी विसरत नाही. नशीब लिहायला आली आणि कागद नसला तर?

नाशिकची खासियत मात्र धुळवडीला दिसते. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी चिखल-राख-रंग करतो, आम्ही वीर नाचवतो. घरात जे अकाली गेले, लढाईत किंवा अपघातात, त्यांचे टाक देवघरात असतात. त्या दिवशी ते टाक बाहेर काढायचे, वाजत-गाजत गोदाघाटावर न्यायचे, नदीत आंघोळ घालायची, होळीला प्रदक्षिणा घालायची आणि घरी आणायचे. लहान पोरांना देवांचे वेष. जुन्या नाशकातून दाजीबा वीराची मिरवणूक निघते, त्याला बाशिंगे वीर म्हणतात. लग्न ठरलेला, अंगाला हळद लागलेला आणि तशातच मारला गेलेला गवळी, अशी त्याची कथा सांगतात. म्हणून दाजीबाच्या डोक्याला दरवर्षी बाशिंग बांधतात.

मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन बसतो आणि लोक संध्याकाळी त्या झाडाखालून जायला कचरतात. दाजीबाची गोष्ट तीच. फरक एवढाच की त्याला बाशिंग मिळालं, संबळ मिळाली, वर्षाचा एक दिवस मिळाला. मग त्याला कोण भिणार? त्याच्यापुढे नवस बोलतात. गल्लीत त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसणारी माणसं टाक हातात घेतलेलीच असतात, आणि एरवी ज्या काकांचं नाव निघालं की घरात गप्प व्हायचं, ते त्या दिवशी डोक्यावर नाचून येतात.

रामकुंडावर दहाव्याच्या सकाळी पिंडाभोवती उभी असलेली माणसं पाहिलीत? कावळा समोरच्या ओट्यावर बसलेला असतो आणि शिवत नाही. मग बोलणी सुरू होतात. “बाबा, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो.” नाही शिवत. “बाबा, बंगल्याचे हप्ते दादा भरणारेय.” नाही शिवत. शेवटी कुणीतरी म्हणतं, “अहो, त्यांच्या कुत्र्याचं सांगा,” आणि कुत्र्याला सांभाळतो म्हटल्याबरोबर कावळा झेपावतो. मी हे ऐकीव सांगत नाही. तिथे रडणारी माणसं एकदम हसली होती. आता त्या काठावर कावळे भरपूर आणि भुकेलेही. कधी ना कधी शिवणारच, हे मलाही समजतं. पण मेलेल्या माणसाचं काय राहून गेलं असेल याचा एवढा बारकाईने विचार त्याच्या हयातीत त्या घरात झाला नसेल.

पाली ग्रंथांत तिरोकुट्टसुत्त नावाचं छोटं सुत्त आहे. त्यात गेलेले नातलग आपल्याच घरी परत येतात आणि भिंतीबाहेर, चौकांत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात. घरात खाणं-पिणं रग्गड आहे, पण त्यांची आठवण कुणाला नाही. त्यांच्याकडे शेती नाही, गाईगुरं नाहीत, व्यापार नाही. इथून जे दिलं जाईल त्यावर त्यांचं चालतं. अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, ही बिंबिसार राजाच्या गतजन्मीच्या नातलगांची गोष्ट आहे, म्हणजे गाव पुन्हा राजगृहच. पितृपक्षात मी हे वाचलं आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभं राहायची माझी सवय मोडली.

हे सुत्त मी एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. आम्ही एका शाळेत शिकवायचो. ती बौद्ध. २ मार्च १९३०ला काळारामाच्या सत्याग्रहात उभे राहिलेल्यांत तिच्या घरचे होते. ती म्हणाली, “छान आहे, पण आमच्याकडे हे चालत नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट आहे, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. भूतखेत, पितर, यक्ष यांतून बाहेर पडायला आमच्या लोकांना किती पिढ्या लागल्या ते तुला नाही कळायचं.” मी म्हटलं, अगं, पण तुमच्याच लेण्याच्या दारात यक्ष आहे. ती म्हणाली, “असू दे ना. त्याने कधी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. ज्यांनी पाठवलं ती माणसं होती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायची गरजही वाटली नाही. भुतांच्या गोष्टी मला आवडतात, पण भुतांच्या नावावर माणसं काय करतात तेही याच जिल्ह्यात दिसतं. आजारी बाईला भूत लागलंय म्हणून मारणं, एखाद्या एकट्या विधवेला डाकीण ठरवून गावाबाहेर काढणं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरवला, आणि तो कायदा यायच्या काही महिने आधी, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. म्हणून या सगळ्याकडे बघताना मी एक साधी कसोटी लावते. भिंतीवर, बांधावर, विहिरीवर भुताला जागा दिली असेल तर हरकत नाही. जिवंत बाईच्या अंगात दिली असेल तर आहे.

आणि इथेच तपोवन आठवतं.

दंडकारण्यातल्या जनस्थानाचं रामायण आम्ही नाशिककर पंचवटीतच घडवतो. शूर्पणखा रामाकडे आली, लग्नाचं विचारलं. राम थट्टेने म्हणाला, माझं झालंय, हा धाकटा बघ, याची बायको नाही. तिकडे ऊर्मिला अयोध्येत. लक्ष्मणाने पुन्हा रामाकडे पाठवलं. दोघा भावांनी मिळून तिची फिरकी घेतली, ती चिडून सीतेवर धावली आणि लक्ष्मणाने नाक-कान कापले. मग खर, दूषण, चौदा हजार राक्षस, मारीच, सीताहरण. शहराचं नावही त्या नाकावरून पडलं असं सांगतात. तपोवनात नाक कापतानाचं रंगीत शिल्प आहे. सहलीची पोरं तिथे उभी राहून एकमेकांची नाकं धरतात.

मारणाऱ्या रेड्याला पायरीशी देऊळ आहे. पोरं खाणाऱ्या दोघींना भिंत आणि कोपरा. यक्षांना दार आणि तुळई. हळद लागून मेलेल्या गवळ्याला बाशिंग. आणि जिच्या नाकावरून आख्खं गाव ओळखलं जातं असं आपणच सांगतो, तिला शेंदराचा एक ठिपका नाही. तिने खाल्लेलं एकही माणूस त्या प्रसंगात नाही. ती लग्न मागायला आली होती.

गेल्या श्रावणात आई जिवतीचा कागद चिकटवत होती तेव्हा मी तिला म्हटलं, आई, जरा राक्षसीला भिंत देतेस, तर शूर्पणखेलाही बाजूला एखादा खण दे की. ती तर आपल्या गावची.

आईला यात काही वावगं वाटलं नाही. चिकटपट्टीचं टोक दातांनी तोडत म्हणाली, “देऊ की. कागद तू आण. नैवेद्य काय दाखवायचा तेवढं बघून सांग.”

मी अरण्यकांड काढलं. त्यात शूर्पणखेने स्वतःच्या तोंडाने खायला मागितलेला पदार्थ सापडला, पण तो आईला सांगितला नाही. ती सीतेला खाऊन टाकते म्हणाली होती.